येऊरचा चढ आणि उधारी

ठाण्यात उपवनवरून येऊरचा चढ लागला की मी घड्याळातला वेग बघतच नाही, श्वास बघते. धावता धावता बोलता येतंय ना, मग ठीक. वागळे इस्टेटमधल्या माझ्या खोक्यांच्या कारखान्यात दिवाळीआधी हेच करते. विक्री फुगते, पण पुठ्ठा रोखीने आणि गिऱ्हाइकं उधारीवर! तेव्हा विक्रीचा आकडा नाही, बँकेतली शिल्लक बघायची. २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) कायद्याप्रमाणे नोंदणीकृत छोट्या उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकवायचे असतात. (आठवण करून दिली की साहेब नेमके मीटिंगमध्ये.) नवरा म्हणतो, फार सावध धावतेस. असेन. यंदा अर्धे पैसे आगाऊ आल्याशिवाय मिठाईचे बॉक्स छापायला घेणार नाही, असं दोघा गिऱ्हाइकांना कळवूनही टाकलंय.