घड्याळ एक तास पुढे, सूर्य मात्र जागच्या जागी

मार्चच्या शेवटच्या रविवारी पहाटे एक वाजता ब्रिटनमधली घड्याळे एकदम दोनवर जातात, आणि त्या सकाळी मुले हमखास विचारतात की मधला तास गेला कुठे. लंडनमध्ये वाढणाऱ्या माझ्या मुलीला हे समजावताना मी सुरुवात सूर्यापासून केली, कारण तास ‘वाचला’ किंवा ‘गेला’ असे म्हटले की मुले त्या तासाच्याच शोधात अडकतात.

आम्ही एका संत्र्याला लंडनसाठी आणि मुंबईसाठी एकेक लवंग टोचली आणि दिव्यासमोर ते तिरके धरून हळूहळू फिरवले. वरची लवंग बराच वेळ उजेडात राहते, हे तिने स्वतःच हेरले. मुंबईतला सर्वांत मोठा दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा आणि सर्वांत लहान सुमारे अकरा तासांचा असतो. लंडनला मात्र जूनमध्ये साडेसोळा तासांहून मोठा आणि डिसेंबरमध्ये आठ तासांहूनही लहान दिवस असतो. घड्याळ पुढे केले नसते, तर जूनमध्ये येथे पावणेचारच्या सुमारासच सूर्य उगवला असता. सगळे झोपेत असताना वाया जाणारा हा उजेड विल्यम विलेट या बांधकाम व्यावसायिकाला सलत होता. त्याने 1907 मध्ये पत्रक काढून घड्याळे पुढे करण्याची सूचना मांडली, पण ती कायद्यात उतरली 1916 मध्ये, महायुद्धात कोळसा वाचवण्याची निकड भासल्यावर. विलेट त्याच्या आदल्याच वर्षी वारला होता.

खरा उलगडा मात्र साताऱ्याच्या फोनमुळे झाला. हिवाळ्यात आम्ही दुपारी चारला फोन लावतो, तेव्हा आजीकडे साडेनऊ वाजून निजानीज सुरू झालेली असते. मार्च उलटला की त्याच चारला तिकडे साडेआठच वाजलेले असतात. “आजीचं घड्याळ कुणी मागे केलं?” असे मुलीने विचारले, आणि ते कोणीच हलवले नसून हललो आपणच, हे तिच्या लगेच ध्यानात आले.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पहाटे दोनचा पुन्हा एक होतो. त्या रात्री जुळ्यांतले पहिले बाळ एक पन्नासला जन्मले आणि दुसरे वीस मिनिटांनी, तर दुसऱ्याची वेळ एक वाजून दहा मिनिटे अशी नोंदली जाईल. मग थोरले कोण, हे कोडे मी तिला ऑक्टोबरसाठी राखून ठेवले आहे.