चकाकीची किंमत किती?

कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली, ‘पद्मिनी’ हे नाव मिळण्याआधीची १९७३ सालची ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ मी गेल्या महिन्यात पाहिली, तेव्हा मालकाने दुरुस्तीच्या पावत्यांची बेरीज हीच गाडीची किंमत म्हणून माझ्यापुढे ठेवली. मला हा हिशेब मान्य नाही, कारण हौसेपोटी केलेला खर्च खरेदीदाराने पूर्ण भरून द्यावा, असा बाजाराचा नियम नाही.

माझी पाहणी रंगापासून नव्हे, तर पत्र्यापासून सुरू होते. दरवाजांच्या खालच्या कडा, पायाखालचा पत्रा आणि डिकीचा तळ येथे पातळ कापडात गुंडाळलेले लोहचुंबक फिरवले, की जिथे ते चिकटत नाही तिथे पुट्टीचा जाड थर आहे, हे कळते. १०८९ सीसीचे इंजिन उघडून पुन्हा बांधता येते. सडलेला सांगाडा सरळ करणे मात्र फार महाग पडते. त्यानंतर चासी आणि इंजिनाचे क्रमांक नोंदणीपुस्तकाशी ताडून पाहावेत. पन्नास वर्षांवरील मूळ स्वरूपातील गाडीला २०२१ च्या नियमांनुसार ‘व्हिंटेज’ नोंदणी मिळू शकते, मात्र अशी गाडी रोजच्या वापरासाठी चालवता येत नाही. या गाडीचा स्टिअरिंगजवळचा गिअरदांडा मूळचाच होता (त्याने मला जवळजवळ जिंकले होते!), पण चुंबक दोन ठिकाणी घसरले आणि मालकाने मागितलेल्या रकमेच्या दोन तृतीयांशच मी देऊ केले.