माळ्यावरची ट्रंक आणि कृष्णेचं पाणी

सांगलीच्या गावभागातल्या जुन्या घरांत फोटो, खरेदीखतं आणि मोडी लिपीतले कागद बहुधा माळ्यावरच्या ट्रंकेत असतात. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी 45 फूट धरतात. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं. नगर वाचनालयातली हजारो पुस्तकं तेव्हा भिजली. घराघरांतून काय गेलं, त्याची तर मोजदादच नाही.

भिजलेलं सगळं जात नाही. जातं ते पुढच्या दोन दिवसांत. दमट हवेत 48 तासांत बुरशी धरते, आणि फोटोवरचा जिलेटिनचा थर फुगून शेजारच्या फोटोला चिकटतो. म्हणून ओला गठ्ठा तसाच उन्हात ठेवू नये. फोटो स्वच्छ गार पाण्यात ठेवावेत, पाण्यातच हलक्या हाताने एकेक सुटा करावा, चिखल धुवावा, चित्राला बोट लावू नये. मग चित्र वर ठेवून टीपकागदावर किंवा सुती कापडावर सावलीत, पंख्याच्या हवेत वाळवावेत. खाली वर्तमानपत्र नको, शाई उतरते. फोटो फार असतील तर मध्ये बटरपेपर घालून, पिशवीत बांधून फ्रीझरमध्ये ठेवा. महिन्याभरानेही सावकाश काढता येतात. काचेच्या निगेटिव्ह मात्र फ्रीझरमध्ये ठेवू नयेत. इंकजेटवर छापलेले फोटो पुन्हा पाण्यात घालू नयेत, रंग पसरतो.

फ्रेमच्या काचेला फोटो चिकटून वाळला असेल तर तो ओढू नका. चेहऱ्याचा थर काचेवरच राहतो. आधी काचेवरूनच स्कॅन करा.

मोडी कागदांचं वेगळं. काजळाची शाई उजेडाने उडत नाही, पण तिला धरून ठेवणारा डिंक पाण्यात सुटतो. असा कागद चोळू नये, धुऊही नये. टीपकागदाने वरून दाबून पाणी टिपावं, बस्स. आणि लॅमिनेशन करू नका! गरम प्लास्टिक कागदात मुरतं, पुन्हा निघत नाही. सेलोटेपचंही तसंच, काही वर्षांत चिकटा पिवळा पडतो आणि त्याच्याखालची अक्षरं डागाळतात. कोरड्या कागदांना सुती रुमालाची जुनी पद्धत आजही चांगली: घट्ट बांधणी, आत वेखंडाची पुरचुंडी, ट्रंक भिंतीपासून चार बोटं लांब.

फोटोचा काळ ठरवायला सांगलीत खुणा भरपूर आहेत. मागे आयर्विन पूल दिसला की फोटो 1929 किंवा नंतरचा. स्टँपपेपरवर ‘सांगली संस्थान’ असेल तर तो छापलाय मार्च 1948 च्या विलीनीकरणाआधी. पत्त्यात ‘जिल्हा दक्षिण सातारा’ असेल तर 1949 ते 1960, कारण त्यानंतर जिल्ह्याला सांगली हे नाव मिळालं. पिनकोड असेल तर 1972 च्या ऑगस्टनंतरचं. कागदावर शक असेल तर इसवी सन काढायला त्यात 78 मिळवा (जानेवारी ते गुढीपाडवा 79). फसलीत, म्हणजे महसुली कागदांवरच्या जुन्या सनात, 590, आणि नव्या वर्षाच्या जानेवारीपासून फसली बदलेपर्यंत 591. महसुली कागदावर फसली सन शक समजून वाचला तर एका झटक्यात पाचशे वर्षांची चूक होते, आणि ती होतेही.

स्कॅन 600 डीपीआयला (इंचाला 600 ठिपके), टिफ या फाइलप्रकारात करा. मागची बाजूही घ्या. स्टुडिओचा शिक्का तिथेच असतो. एक प्रत दुसऱ्या गावी ठेवा, कारण पुरात ट्रंक आणि हार्ड डिस्क एकाच घरात बुडतात.

नावं फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने, कडेला लिहावीत, बॉलपेनने नाही. गुळगुळीत कागदावर पेन्सिल उठत नसेल तर पाकिटावर. ‘आजोबा’ एवढंच लिहू नका. कोणाचे आजोबा, पूर्ण नाव, कुठला घाट, आणि हे सांगितलं कोणी, तेही.