एका जागेला चार सिस्टर

आमचं रुग्णालय कोकणातलं, ट्रस्टचं, 60 खाटांचं. मेट्रनबाईंनी बोलावून सांगितलं, "पुढच्या तीन वर्षांत किती सिस्टर लागतील, ते काढून दे. विश्वस्तांपुढे ठेवायचंय." मी बारा वर्षं ड्युटी लावत होते, पण तीन वर्षांपुढचा विचार कधी केला नव्हता.

आधी ड्युटीचं जुनं रजिस्टर काढलं. ऑगस्ट-सप्टेंबरची पानं खोडरबराने घासून विरली होती. पावसाळ्यात डेंग्यू, लेप्टोचे पेशंट वाढतात आणि त्यातच गणपती. रजा प्रत्येकीला हवी. एका नावापुढे सलग नऊ नाइट होत्या. ती मुलगी पुढच्याच महिन्यात सोडून गेली, हे पान बघताना आठवलं.

मग हिशेब मांडला. एका पाळीला 10 जणी. आम्ही आजवर तिपटीने 30 धरत होतो आणि पटावर 31 होत्या, म्हणजे कागदावर सगळं ठीक. पण जागा 365 दिवस भरायची असते. माणूस मात्र 52 साप्ताहिक सुट्ट्या आणि साधारण 30 रजा वजा जाता 283 दिवसच येतो. तीन पाळ्यांचे 1095 भागिले 283, म्हणजे एका जागेला जवळजवळ चार जणी. दहा जागांना 39. आठ जणींचं काम बाकीच्या डबल ड्युटी करून ओढत होत्या! तो आकडा बघून मला रडू आलं.

पुढचा भाग अवघड होता. निवृत्त होणाऱ्या तिघींच्या तारखा फाइलमध्येच होत्या. प्रसूतीची रजा 2017 पासून 26 आठवड्यांची झाली, तीही धरली. सरकारी भरतीचे फॉर्म कोणी भरलेत, हे मात्र चहाच्या वेळी प्रत्येकीजवळ बसून विचारलं. चौघींनी खरं सांगितलं. त्यांची नावं मी कागदावर घातली नाहीत, फक्त संख्या घातली.

नवी मुलगी एकटीने नाइट सांभाळायला आमच्याकडे तीन महिने लागतात. म्हणून भरती जूनमध्ये नको, मार्चमध्येच जाहिरात द्या, असं मी लिहिलं.

विश्वस्तांनी आठपैकी पाच जागा मंजूर केल्या. मार्चची जाहिरात मात्र लगेच मान्य झाली. उरलेल्या तीन जागांसाठी या वर्षीची डबल ड्युटी मी तारीखवार लिहून ठेवतेय, पुढच्या बैठकीत मांडायला.