सँडहिल्समध्ये शिकारीला जाताना: एटीव्ही न्यावी, पण चाकोरी सोडू नये

गेल्या सप्टेंबरात आम्ही चौघे मित्र, दोन शिकारी कुत्रे आणि ट्रेलरवर बांधलेली एक एटीव्ही (खडबडीत जमिनीवर चालणारी छोटी, उघडी चारचाकी) असा सरंजाम घेऊन अमेरिकेतील नेब्रास्का राज्यातल्या ओमाहाहून निघालो आणि सुमारे ३०० मैलांवरील व्हॅलेंटाइन गावाच्या दक्षिणेकडील एका रँचवर (गुरांच्या मोठ्या कुरणावर) ग्राउझ या रानकोंबडीसारख्या पक्ष्याच्या शिकारीसाठी तीन दिवस राहिलो. नेब्रास्काचा सँडहिल्स हा प्रदेश म्हणजे गवताच्या मुळांनी धरून ठेवलेल्या वाळूच्या टेकड्या असून त्यातील बहुतेक जमीन खासगी आहे, त्यामुळे मालकाची परवानगी आधीच घ्यावी लागते. आमच्या यजमानांनी ती आनंदाने दिली, मात्र गाडीने चाकोरी सोडायची नाही, अशी अट घातली.

अटीचे कारण त्यांनी पहिल्याच सकाळी दाखवले. एका उतारावर नुसत्या वाळूचा, परातीसारखा खोलगट खड्डा पडला होता. त्याला तिकडे ‘ब्लोआउट’ म्हणतात. गवताची मुळे एकदा तुटली की वारा खालची वाळू उडवत राहतो आणि खड्डा वर्षानुवर्षे रुंदावत जातो. चढावर जागच्या जागी फिरलेले एक चाकसुद्धा त्याची सुरुवात करू शकते.

म्हणून आम्ही एटीव्हीचा उपयोग केवळ ओझ्यासाठी केला. कुत्र्यांचे पाणी, जेवण आणि बर्फाची पेटी रँचवरच्या पवनचक्कीपर्यंत न्यायची, तेथे गाडी उभी करायची आणि पुढे वाऱ्याला तोंड करून पायीच चालायचे. वाहनावरून पक्षी मारणे कायद्याने मना आहेच, पण कायदा बाजूला ठेवला तरी पायी चालणाऱ्यालाच कुत्र्याचे काम डोळे भरून पाहता येते, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसऱ्या दिवशी एका फाटकापाशी थांबलो असताना जळक्या गवताचा वास आला. गुडघे टेकून बॅटरीच्या उजेडात पाहिले, तर सायलेन्सर आणि त्याखालचा पत्रा यांच्या फटीत सुक्या गवताचा मुठीएवढा बोळा घट्ट बसला होता, त्याची कड काळी पडली होती आणि धुराची बारीक रेघ वर येत होती. तारेच्या आकड्याने तो ओढून काढला, बाटलीभर पाणी ओतले आणि वाळूत पुरला. भोवती मैलोन्‌मैल गुडघाभर वाळलेले गवत आणि सोसाट्याचा वारा होता. त्या क्षणाची धास्ती अजून मनातून गेलेली नाही. त्यानंतर आम्ही दर अर्ध्या तासाने उघड्या वाळूवर थांबून सायलेन्सर तपासत गेलो. आपणही तारेचा आकडा, फावडे आणि पाण्याचा फवारा गाडीवर हाताशी ठेवावा, आणि गरम गाडी कधीही गवतात उभी करू नये.

मागच्या रॅकवर फार वजन लादल्यास चढावर पुढची चाके उचलली जातात. तेव्हा गाडीवर लिहिलेली वजनाची मर्यादा पाळावी, एकआसनी गाडीवर दुसऱ्याला बसवू नये आणि हेल्मेट घालावे. बंदूक रिकामी करून पिशवीतच ठेवावी. फाटक जसे सापडेल तसेच सोडावे: उघडे असेल तर उघडे, बंद असेल तर बंद.

आपल्यापैकी जे एच-१बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर आहेत त्यांनी विशेष लक्ष द्यावे. अशा व्हिसाधारकांना बंदूक किंवा काडतुसे बाळगण्यास अमेरिकेच्या संघीय कायद्याने मनाई आहे. वैध शिकार परवाना असेल तर त्यातून सवलत मिळते. म्हणून परवाना आधी काढावा आणि मगच बंदुकीला हात लावावा. हंगाम १ सप्टेंबरला सुरू होतो आणि शार्प-टेल्ड ग्राउझ व प्रेअरी चिकन (हाही ग्राउझचाच प्रकार) मिळून माणशी दिवसाला तीन पक्ष्यांची मर्यादा आहे.

सप्टेंबरात दुपारी ऊन कडक असते, तेव्हा कुत्र्यांना सकाळीच फिरवावे आणि दर थांब्याला त्यांच्या पंजांतली काटेरी कुसळे काढावीत. पक्षी साफ करताना त्याच्या गळ्यातील अन्नाची पिशवी अवश्य उघडून पाहावी. आमच्या पहिल्या पक्ष्याच्या पिशवीत रानगुलाबाची लाल फळे आणि चार नाकतोडे निघाले, आणि दुसऱ्या सकाळी आम्ही पवनचक्कीपासून थेट रानगुलाबाच्या झुडपांकडेच चालत गेलो.