बंद खाणीतली नोंदवही : माझा अनुभव

पहिल्याच बैठकीत बंद खाणींची मोजणी आणि नोंद करणाऱ्या आमच्या गटाच्या प्रमुखांनी मला विचारले होते की, बंद खाणीत उतरून तुम्हाला काय मिळवायचे आहे, आणि मी कसलाही आडपडदा न ठेवता सांगून टाकले होते की, पूर्वीचे खाणकामगार वापरत तसा एखादा जुना कार्बाइडचा दिवा हाती लागला तर फार बरे होईल. त्या निवृत्त खाण-सर्वेक्षक होत्या. माझ्या उत्तरावर त्या काहीच बोलल्या नाहीत, टेबलावरची कोरी नोंदवही माझ्याकडे सरकवून एवढेच म्हणाल्या, "मग आत गेल्यावर नोंदी तुम्हीच लिहा." ही जबाबदारी आहे की शिक्षा, हे मला पुढे बराच काळ उमगले नव्हते.

खाण शिसे आणि जस्ताची होती. काम थांबून अनेक दशके लोटली होती आणि तोंडाशी जाळीचे फाटक बसवलेले होते. आत जाण्याआधीचे चार महिने कागदपत्रांत गेले. वरची जमीन एकाची आणि जमिनीखालच्या खनिजाचा हक्क दुसऱ्याचा, त्यामुळे परवानगी दोघांकडून घ्यावी लागली. त्यातच बोगद्याच्या पहिल्या टप्प्यात वटवाघळांची वसाहत असल्यामुळे त्यांच्या शीतनिद्रेचा काळ संपेपर्यंत थांबणे भाग होते, कारण त्या काळात जाग आली तर अंगातली साठवलेली चरबी खर्च होऊन ती दगावू शकतात. या सक्तीच्या सुट्टीत आम्ही खाणीचा जुना नकाशा गिरवला. नकाशात शेवटच्या मोजणीपर्यंतचेच काम दिसते, त्यानंतर खणलेले दिसत नाही, ही गोष्ट प्रमुखांनी इतक्या वेळा सांगितली की मला ती पाठ झाली.

आत जाण्याच्या दिवशी सर्वांत आधी हवामानाचा अंदाज पाहिला गेला. पावसाची शक्यता नव्हती, तरीही पहिल्या ठरलेल्या दिवशी आम्ही फाटकावरून परत फिरलो, कारण हवेचा दाब झपाट्याने उतरत होता. बाहेरचा दाब कमी झाला की खाण जणू उच्छ्वास टाकते : बंद पोकळ्यांत साचलेली, प्राणवायू संपलेली हवा वाटेवरच्या बोगद्यांत सरकते. कोळशाच्या खाणीत मिथेनच्या स्फोटाची भीती मोठी असते, पण धातूच्या खाणीतला धोका बहुतेकदा असा मुका असतो. कुजणारे लाकूड आणि हवेशी संयोग पावणारी गंधकयुक्त खनिजे हळूहळू प्राणवायू खाऊन टाकतात, आणि हवेला ना वास येतो ना रंग. मोकळ्या हवेत प्राणवायूचे प्रमाण २०.९ टक्के असते आणि आमच्या कमरेचे वायुमापक १९.५ टक्क्यांवर वाजू लागे. मेणबत्ती विझते ती साधारण १६ टक्क्यांच्या आसपास. जुने कामगार ज्योतीकडे पाहून हवा ओळखत, म्हणजे इशारा मिळेपर्यंत त्यांच्या हातात फारसा अवधी उरत नसे.

नंतर ठरवलेल्या दुसऱ्या दिवशी दाब स्थिर होता. आम्ही चौघे आत गेलो आणि पाचवी व्यक्ती बाहेर थांबली. तिच्याकडे आमची बाहेर पडण्याची वेळ लिहिलेली होती आणि ती वेळ उलटून एक तास झाला तर बचाव पथकाला कळवायचे, असे ठरले होते. प्रत्येकाकडे तीन स्वतंत्र दिवे होते. पहिले शंभर मीटर घोट्याएवढ्या गार पाण्यातून चालताना मला वाटत होते की, धोका असलाच तर छपरात असेल, म्हणून मी सारखा वर पाहत होतो. पुढे चाललेल्या प्रमुख मात्र खाली पाहत होत्या. एका वळणावर त्या थांबल्या, पहारीने जमिनीवर ठोकले आणि मला आवाज ऐकायला सांगितला. तोवर बद बद असा भरीव आवाज येत होता, तो तिथे ढोलासारखा पोकळ झाला. खालचे खनिज काढून झाल्यावर त्या पोकळीवर फळ्या टाकून, वर दगडगोटे पसरून वाट केलेली होती. वरून पाहिले तर ती दोन्ही बाजूंच्या जमिनीसारखीच दिसत होती, आणि फळ्यांना पांढऱ्या बुरशीने पोखरले होते. आम्ही भिंतीलगतच्या खडकाच्या अरुंद कडेवरून, दोर बांधून, एकेक करून पलीकडे गेलो. त्या सात-आठ पावलांना वीस मिनिटे लागली.

लाकडाचे हे वागणे मोठे विचित्र असते. ऑस्ट्रियातील हालश्टाटच्या मिठाच्या खाणीत २००३ साली एक लाकडी जिना सापडला. तो इसवी सनापूर्वीच्या चौदाव्या शतकातला असल्याचे झाडाच्या वार्षिक वलयांवरून ठरले, आणि तीन हजारांहून अधिक वर्षे मिठाने तो टिकवला. आमच्या खाणीत मीठ नव्हते, ओल होती. तिथले शंभर वर्षांचेही नसलेले खांब बोटाने दाबले तर ओल्या पावासारखे दबत. गाळात पूर्ण बुडालेल्या फळ्या तेवढ्या शाबूत होत्या.

पलीकडे गेल्यावर मोजणी सुरू झाली. दर काही मीटरांवर एक ठाणे ठरवायचे, त्याला क्रमांक द्यायचा, पुढच्या ठाण्यापर्यंतचे अंतर, होकायंत्राची दिशा आणि चढ-उतार मोजायचा, आणि दिसलेली प्रत्येक वस्तू कोणत्या ठाण्यापासून किती अंतरावर आहे ते लिहायचे. दुपारपर्यंत मी बारा ठाणी लिहिली होती. तेव्हा प्रमुखांनी उलट दिशेने एक वाचन घेतले. पुढच्या आणि मागच्या वाचनांत बरोबर १८० अंशांचा फरक यायला हवा होता, तो १७१ आला. आम्ही खाणगाड्यांच्या लोखंडी रुळांवर उभे राहून होकायंत्र वाचत होतो! बाराच्या बारा वाचने खोडून आम्ही मागे गेलो आणि रुळांपासून दूर, भिंतीला टेकून पुन्हा सुरुवात केली. मी चिडलो होतो, आणि मला वाटते ते लपले नव्हते.

चिडचिड ओसरली ती पांढऱ्या ढिगांमुळे. भिंतीच्या कडेला, ठरावीक अंतराने, मूठभर आकाराचे, वाळलेल्या चुन्यासारखे ढीग पडलेले होते, आणि मला ते आधी वटवाघळांच्या विष्ठेसारखे काहीतरी वाटले. कार्बाइडच्या दिव्यात वरच्या कप्प्यातले पाणी थेंबाथेंबाने खालच्या कॅल्शियम कार्बाइडवर पडते, त्यातून ॲसिटिलीन वायू निघून जळतो आणि मागे ओला चुना उरतो. काही तासांनी कामगार तो चुना तिथेच झटकून दिवा पुन्हा भरत असे. म्हणजे प्रत्येक ढीग ही एक माणूस जिथे वाकून बसला होता ती जागा होती. कार्बाइड मोठ्या प्रमाणावर तयार करण्याची रीत १८९२ साली हाती लागली, त्यामुळे ढीग असलेल्या भागात त्यानंतरच्या काळातही काम झाले हे निश्चित. डावीकडच्या एका बुटक्या फाट्यात एकही ढीग नव्हता; तिथे छपराला काजळी होती आणि कपारीत मातीचा गोळा थापून त्यात मेणबत्ती खोचल्याच्या खळग्या होत्या. एका गोळ्यावर चार बोटांचे ठसे इतके स्वच्छ उमटलेले होते की करंगळीच्या नखाची कडसुद्धा दिसत होती. दोन्ही फाट्यांच्या वयांतला फरक आम्हाला अशा प्रकारे कळला, आणि तो कळण्यासाठी एकही वस्तू उचलावी लागली नाही.

पुढच्या कोनाड्यात चार छिन्न्या, म्हणजे सुरुंगाचे भोक पाडायच्या पोलादी सळया, भिंतीला टेकवून ठेवलेल्या होत्या. प्रत्येक सळई आधीच्या सळईपेक्षा लांब होती आणि तिचे टोक मात्र किंचित अरुंद होते, कारण भोक खोल होत जाते तसे ते निमुळते होते आणि पुढची सळई त्यात अडकता कामा नये. शेजारी ठासणीची लाकडी काठी होती. दारू ठासताना लोखंड वापरले तर ठिणगीची भीती असते. त्या कोनाड्यापलीकडे एक छोटी खोली होती आणि तिच्या उंबरठ्यावरच प्रमुखांनी हात आडवा धरला. आत लाकडी खोके होते. डायनामाइटचे पेटंट १८६७ सालचे. त्यातले नायट्रोग्लिसरीन जुनेपणाने पाझरून खोक्यावर तेलकट थेंबांच्या रूपाने बाहेर येऊ शकते आणि मग साधा धक्काही पुरतो. खोके रिकामे असेल किंवा नसेल. ते पाहण्याचे काम आमचे नव्हते. उंबरठ्यावरून एक छायाचित्र घेतले, अंतर मोजले आणि आल्या पावली मागे झालो. बाहेर आल्यावर ती माहिती त्याच दिवशी संबंधित अधिकाऱ्यांना कळवली. मला स्वतःला बंद खाणीतल्या सगळ्या धोक्यांत हाच सर्वांत फसवा वाटतो, कारण बाकीचे धोके माणसाला दूर ढकलतात आणि हा जवळ बोलावतो.

यानंतर तासाभराने माझ्या हातून चूक झाली. सत्ताविसाव्या ठाण्याजवळ, भिंतीत कोरलेल्या फळीएवढ्या कपारीत, तळहाताएवढा एक गोल पत्र्याचा डबा होता. झाकणावरची अक्षरे गंजाने खाल्लेली होती आणि मला तळाशी काही छापलेले आहे का ते पाहायचे होते. नुकताच उंबरठ्यावर आडवा धरलेला हात मी पाहिलेला होता, तरीही मी तो डबा उचलला. पत्र्याच्या बंद डब्यात डिटोनेटरही, म्हणजे सुरुंग उडवायच्या छोट्या स्फोटक नळ्याही, ठेवत असत, हे मला सांगितलेले होते आणि त्या क्षणी आठवले नाही. डबा हलका होता. तळ तिथेच राहिला, गंजाच्या पापुद्र्यासारखा चिकटून, आणि आतून सुताच्या कुजलेल्या वातीचा गुंडाळा धुळीत पडला. मी घाईने सगळे परत ठेवले. पण धुळीतले मूळ वर्तुळ आणि डब्याची कड जुळेना, आणि जितके जुळवावे तितके ते वर्तुळ पुसट होत गेले.

कोणी ओरडले नाही. प्रमुखांनी वातीकडे प्रकाश टाकून आधी खात्री केली, मग मला दोन पावले मागे घेतले आणि तशाच अवस्थेत, मोजपट्टी शेजारी ठेवून, छायाचित्र काढले.

बोगद्याच्या टोकाशी आम्ही दुपारी साडेतीनला पोहोचलो. समोरच्या खडकात तीन भोके पूर्ण पाडलेली होती आणि चौथे दोन बोटे खोल जाऊन थांबलेले होते. त्याच्याखाली खडकाचा चुरा अजून ढिगासारखा पडलेला होता. पूर्ण भोकांत न उडालेली दारू असू शकते म्हणून आम्ही तीन मीटरांवरच थांबलो. तिथे खाली गाळात खिळे मारलेल्या बुटांचे ठसे होते. ते टोकाकडे तोंड करून उभे होते आणि एक जोडी वळून बाहेरच्या दिशेला गेली होती. मी ते मोजले. तोवर नोंदवहीची पाने ओलीने फुगली होती आणि पेन्सिलच तेवढी चालत होती.

ठरलेल्या वेळेच्या चाळीस मिनिटे आधी आम्ही बाहेर आलो आणि फाटकाला कुलूप लावले. पुढचे तीन आठवडे मी नकाशा आणि वस्तूंची यादी स्वच्छ करून लिहिण्यात घालवले. प्रत परवानगी देणाऱ्या दोघांकडे जायची होती, आणि सत्ताविसाव्या ठाण्यापाशी माझा हात बराच वेळ अडला. पहिल्या मसुद्यात मी "डबा, तळ निखळलेला" एवढेच लिहिले होते. प्रमुखांनी तो कागद वाचला आणि त्या ओळीखाली काही न लिहिता पेन्सिलीने एक टिंब दिले. अंतिम प्रतीत ती नोंद अशी आहे : "ठाणे २७, उजवी कपार. पत्र्याचा गोल डबा, आत सुताची वात. मूळ जागेपासून अंदाजे चार सेंटीमीटर सरकलेला, तळ तुटलेला. कारण : नोंद घेणाऱ्याने उचलला."