सात वर्षांचा व्यासंग

कॉलेज प्रवेशाच्या फॉर्मच्या दिवसांत मी माझ्या फॉर्म भरायच्या सेंटरातला पंखा बंद ठेवते. टेबलावर एकाचा दाखला दुसऱ्याच्या फायलीत गेला तर कुणाचं तरी वर्ष जातं. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या स्टँडजवळ बारा वर्षं हेच करते आहे. लोकांना वाटतं मी टायपिंग करते. टायपिंग कुणीही करेल. खरं काम त्याच्या आधीचं: कुठली शाळा, कुठलं साल, कुठलं राज्य. यंदा एका मुलीच्या बाबतीत तेच माझ्याकडून चुकलं.

मुलगी हुशार. पहिली ते सातवी तालुक्यातल्याच गावच्या मराठी शाळेत, पुढं बारावीपर्यंत कोल्हापूरला, वसतिगृहात राहून. तिला बंगळूरच्या एका खासगी विद्यापीठात कॉम्प्युटर सायन्स हवं होतं. वडील कापडदुकानाच्या पिशवीत कागद घेऊन आले आणि बसायच्या आधीच म्हणाले, "अक्का, विद्यापीठ आपल्याच राज्यातलं न्हवं? आपल्या पोरांस्नी आधी घेत्यात की."

घेतात, हे खरं आहे. कर्नाटकातल्या खासगी विद्यापीठांच्या कायद्यांत 40 टक्के जागा राज्यातल्या विद्यार्थ्यांसाठी राखलेल्या असतात. त्या केईए, म्हणजे कर्नाटकाचं परीक्षा प्राधिकरण, सीईटीच्या रँकवर भरते, फीही सरकारनं ठरवलेली. बाकीच्या जागा विद्यापीठ स्वतःच्या परीक्षेवर भरतं. तिथं खानापूर आणि कानपूर एकच, आणि फी कित्येक पट.

आता 'राज्यातला' कोण? आधार, रेशनकार्ड, शेताचा उतारा यानं ते ठरत नाही. पहिली ते बारावीत किमान सात वर्षं कर्नाटकातल्या शाळेत काढलेली असावी लागतात. त्याचा पुरावा म्हणजे स्टडी सर्टिफिकेट. कन्नडमध्ये त्याला 'व्यासंग प्रमाणपत्र' म्हणतात. मराठीत व्यासंगी म्हटलं की जाड भिंगाचा चष्मा दिसतो. इथं पहिलीत पाटी पुसणाऱ्यालाही व्यासंग असतो. ते मुख्याध्यापकांनी द्यायचं आणि त्यावर बीईओंची, म्हणजे तालुक्याच्या शिक्षणाधिकाऱ्यांची, वरून सही घ्यायची. मुख्याध्यापक ट्रेनिंगला, बीईओ मीटिंगला. बाप तीन वेळा गावाहून आला, भात पेरायचे दिवस असताना.

सही झाली आणि माझं लक्ष गेलं ते नावावर. कर्नाटकात 'त' इंग्रजीत लिहिताना टी-एच लिहायची सवय. महाराष्ट्रात नुसता टी. मुलीच्या नावात शेवटी 'ती'. गावच्या दाखल्यात एक 'एच' जास्त, कोल्हापूरच्या दोन्ही मार्कलिस्टांत तो नाही. या एका अक्षरापायी तपासणीच्या टेबलावरून परत आलेली पोरं मी पाहिली आहेत. म्हणून नोटरीकडून अॅफिडेव्हिट करून घेतलं, शाळेच्या रजिस्टरच्या पानाची नक्कल जोडली. कर्नाटक बोर्डाचे बारावीचे गुण केईएकडे आपसूक जातात, बाहेरच्या बोर्डाचे आपण भरावे लागतात. तेही दोनदा ताडून भरले. रँक चांगली आली. फाईल बघून मलाच बरं वाटत होतं.

तपासणीला मी सहसा जात नाही. त्या दिवशी बेळगावात दुसरं कामही होतं, म्हणून गेले. टेबलावरच्या साहेबांनी माझ्या अॅफिडेव्हिटकडे पाहिलंही नाही. सात वर्षं मोजली, मान हलवली. मग विचारलं, दहावी? कोल्हापूर. बारावी? कोल्हापूर. त्यांनी पेन खाली ठेवलं. "आगल्ला." होणार नाही.

नियमात पुढचा अर्धा भाग आहे: सात वर्षं हवीतच, शिवाय दहावी किंवा बारावी, दोन्हींतली एक तरी कर्नाटकातून पास झालेली हवी. मला हे पाठ आहे. दरवर्षी दुसऱ्यांना सांगते. आमच्याकडची पोरं निदान दहावी इथंच करतात, म्हणून तो प्रश्न विचारायची वेळच येत नव्हती. मी 'एच' बघत बसले.

वडील बोटं मोजत राहिले. "सात हाईत की ओ. पैली धरली न्हाई काय तुम्ही?" साहेब चिडले नाहीत. मोबाईलवर नियम काढून मुलीला वाचायला दिला. तिनं तो वाचला आणि बापाला म्हणाली, "चला पप्पा."

बसमध्ये माझ्या डोक्यात जत, अक्कलकोट घोळत होतं. तिथल्या कन्नड मुलांसाठी कर्नाटकाच्या नियमात 'गडिनाडू'चं, म्हणजे सीमाभागाचं, वेगळं कलम आहे. महाराष्ट्रात शिकूनही ती इथल्या जागेला पात्र, कन्नडची परीक्षा द्यायची एवढंच. आणि महाराष्ट्राच्या नियमात महाराष्ट्र हक्क सांगतो त्या आमच्या 865 गावांतल्या मराठी मुलांसाठी 'ई' प्रकार आहे. दोन्ही सरकारांना पलीकडच्या घरातली आपली माणसं बरी दिसतात. ही पोरगी अलीकडचीच, म्हणून हिच्यासाठी कर्नाटकात कलम नाही.

एमएचटी-सीईटी तिनं दिलेली होती. संध्याकाळी सेंटर पुन्हा उघडलं आणि महाराष्ट्राचा फॉर्म भरला. तो भरायला चार दिवस उरले होते. त्यासाठी दोन दाखले लागतात: एक सीमाभागात राहत असल्याचा, दुसरा मातृभाषा मराठी असल्याचा. दुसऱ्याचं नाव ऐकून वडील त्या दिवसात पहिल्यांदा हसले. "त्याचाबी दाखला?" पुण्यात जागा मिळेल, चांगली मिळेल. तिला हवी होती ती नव्हे. मुलीनं पूर्ण वेळ स्क्रीनकडे पाहिलं नाही. पिशवीतले कागद सालाप्रमाणे लावत बसली होती.

पैसे द्यायला लागले, मी घेतले नाहीत. ते तसेच उभे राहिले. धाकटा मुलगा यंदा सातवी पास झाला होता, आठवीला कोल्हापूरला बहिणीच्याच शाळेत नाव घातलेलं, फी भरलेली, गादी-ट्रंक घेतलेली.

"त्येला ठिवू काय हितंच, अक्का?"

मी म्हटलं, दहावीपर्यंत ठेवा. मग नियम यंदाचा आहे, तो बारावी होईल तेव्हा, पाच वर्षांनी, काय असेल माहीत नाही, हेही सांगितलं. त्यांनी पिशवी काखेत मारली आणि फी परत मिळते का ते विचारायला शाळेचा फोन नंबर माझ्याकडूनच शोधून घेतला.